गानतपस्विनी माई : एका वारशाची कथा

वारसा या शब्दाशी आम्हां वकिलांचा संबंध रोजचा. कोण कोणाचा वारस, किती हिश्श्याचा वारस, आणि ते वारसपण कोणत्या कागदाने सिद्ध होते, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात आमच्या व्यवसायाचा निम्मा काळ जातो. आमच्या गोमंतकात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने या बाबतीत मोठी मायाळू तरतूद करून ठेवली होती. बापाने कितीही रागाच्या भरात मृत्युपत्र केले, तरी मालमत्तेच्या निम्म्या भागावरील मुलांचा हक्क त्याला हिरावून घेता येत नसे. आणि त्या हक्कात मुलगा व मुलगी असा भेदही नव्हता. शेत, कुळागर, घर, दागिना यांच्यापुरते हे सारे ठीक आहे. पण गळ्यातल्या विद्येचे काय? तिच्यावर कोणाचाही राखीव हिस्सा नाही. गुरूने देऊ नये असे ठरविले तर कोणत्याही न्यायालयाचा हुकूमनामा ती विद्या मिळवून देऊ शकत नाही. आणि द्यावी असे ठरविले, तरी घेणाऱ्याच्या अंगी घेण्याचे बळ नसेल तर ती तिथल्या तिथे विरून जाते.

मोगूबाई कुर्डीकर यांच्या दीर्घ आयुष्याचा विचार करू लागलो की हा वारशाचा प्रश्न आमच्यापुढे प्रकर्षाने उभा राहतो. १५ जुलै १९०४ रोजी सांगे महालातल्या कुर्डी गावी त्यांचा जन्म झाला आणि १० फेब्रुवारी २००१ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. शहाण्णव वर्षांचे हे आयुष्य. त्यांच्या गाण्याविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि ते त्यांनीच लिहावे. आम्ही संगीतशास्त्राचे अधिकारी नव्हे. आम्हांला लिहावयाचे आहे ते घरात आणि शिष्यवर्गात ‘माई’ या दोन अक्षरी नावाने ओळखल्या गेलेल्या कुटुंबप्रमुख स्त्रीविषयी आणि गुरूविषयी. आणि हे लिहिताना आपल्या देवळांच्या इतिहासाचे एक पान उलटावे लागते. ते पान उलटताना थोडा संकोच वाटला तर तो वाटू द्यावा, असे आमचे मत आहे.

आपल्या देवस्थानांचा कारभार कसा चालत आला हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. १८८६ मध्ये आणि नंतर १९३३ मध्ये पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी नियमावली केली. तीत महाजन कोण, त्यांचे हक्क कोणते, निवडणूक कशी व्हावी, हिशेब कसा ठेवावा हे सारे कलमवार ठरले. महाजनांची नावे नोंदवहीत आली आणि ती पुरुषपरंपरेने पुढे चालू राहिली. देवाच्या चाकरीतले बाकीचे लोक म्हणजे सेवेकरी. पालखीपुढे, नवरात्रात मखरापुढे, चौकात आणि सभामंडपात ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणे व नृत्य केले, त्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियाही सेवेकऱ्यांतच मोडत. देवाला त्यांचे गाणे हवे होते. देवळाच्या कारभारात मात्र त्यांना आवाज नव्हता. शेंस भरली की मुलगी देवाची झाली, असे मानले जाई. ती ज्या संसाराची कधीच होणार नव्हती, त्या संसारातली माणसेच तिचे गाणे ऐकावयास बसत. या घराण्यांत आडनाव बहुधा गावावरून पडे, आणि घराचा कारभार आईकडून मुलीकडे जाई. कायद्याच्या पुस्तकाला हा वारसाक्रम फारसा ठाऊक नव्हता. पण खरा वारसा, म्हणजे कंठातला, तो मात्र याच वाटेने चालत आला.

कुर्डीच्या जयश्रीबाई अशाच एक गाणाऱ्या. मुलीच्या गळ्यात गुण आहे हे त्यांनी ओळखले, आणि तिला घेऊन त्या गावाबाहेर पडल्या. आम्हांला या घटनेचे महत्त्व फार वाटते. एका खेड्यातली स्त्री, हाती पैसा नाही, पाठीशी पुरुष नाही, आणि तरीही मुलीच्या शिक्षणासाठी घर सोडण्याची तिची सिद्धता आहे. हे १९१३ च्या सुमाराचे गोवे आहे हे लक्षात घ्यावे. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना शतकांनंतर थोडी मोकळी हवा मिळाली. शाळा, वाचनालये आणि नाटके यांना बहर आला, तो हाच काळ. केपे महालात पारोड्याजवळच्या डोंगरावर चंद्रेश्वर भूतनाथाचे देऊळ आहे. त्या देवाचे नाव धारण केलेली चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत लहानग्या मोगूचा प्रवेश झाला. ध्रुव, प्रल्हाद अशा भूमिका तिच्या वाट्याला आल्या. देवाच्या नावाची कंपनी आणि देवभक्त बालकांच्या भूमिका; म्हणजे देवळाच्या चौकातून निघालेली मुलगी रंगभूमीवर आली तीही देवाचे बोट धरूनच.

वर्ष-दीड वर्षात आई गेली. आपली मुलगी थोर गायिका म्हणून ओळखली जाईल त्या दिवशी आपल्या आत्म्याला शांती मिळेल, असे जयश्रीबाईंनी शेवटच्या काळात सांगितले, असे मोगूबाईंच्या चरित्रात सांगतात. आईचे असे शेवटचे शब्द हे मृत्युपत्रच होय. फरक एवढाच, की या मृत्युपत्राने मुलीला काही मिळाले नाही. उलट तिच्यावर एक ऋण लिहिले गेले. ते फेडावयास तिला पुढली वीस वर्षे लागली.

त्यानंतरची वर्षे ओढगस्तीची. सातारकर स्त्री संगीत मंडळी ही स्त्रियांची नाटक कंपनी. तीत मोगूबाई सुभद्रेची व किंकिणीची भूमिका करीत. तिथे चिंतूबुवा गुरव यांच्याकडे गाण्याचे आणि रामलाल यांच्याकडे कथ्थक नृत्याचे शिक्षण झाले. लय ही मोगूबाईंच्या गायनाची ओळख झाली, तिचे मूळ पायांतल्या या शिक्षणातही असावे, असे आम्हांला वाटते. पुढे कंपनी सुटली, प्रकृती ढासळली, आणि मावशीने त्यांना औषधोपचारासाठी सांगलीला नेले. हे साल १९१९. आजारपणात एखाद्याचे दैव उघडावे असे क्वचितच घडते, पण येथे तसे घडले.

सांगलीत इनायत खाँ पठाण यांच्याकडे त्या काही काळ शिकल्या. घरी एकट्याने मेहनत चाले. एके दिवशी रस्त्याने जाणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांच्या कानी तो आवाज पडला. ते दारात आले, गाणे ऐकले, आणि त्यांनी आपण होऊन शिकवावयास आरंभ केला. हे गृहस्थ कोण, याचा त्या पंधरा वर्षांच्या मुलीला प्रथम पत्ताही नव्हता, असे सांगतात. ते होते उस्ताद अल्लादिया खाँ. जयपूर संस्थानातल्या उनियारा येथे १८५५ मध्ये जन्मलेले, कोल्हापुरास शाहू महाराजांच्या दरबारी राहिलेले, आणि आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराणे म्हणतो त्या गायकीचे प्रवर्तक. आपले पूर्वज शांडिल्य गोत्री ब्राह्मण होते, असे खाँसाहेबांनी आपल्या आठवणींत सांगून ठेवले आहे. गोत्रप्रवराला महत्त्व देणाऱ्या आमच्या वाचकांना ही गोष्ट गंमतीची वाटेल. आम्हांला तिच्यात एवढेच दिसते, की या देशात विद्येने गोत्र बदलले तरी आपले कूळ सोडले नाही.

१९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि खाँसाहेब मुंबईस गेले. मोगूबाईही त्यांच्या मागोमाग मुंबईस आल्या. गुरू मिळाला, गुरूचे गाव मिळाले. आता शिक्षण अखंड चालावयाचे. पण तसे व्हावयाचे नव्हते. मुंबईत खाँसाहेबांच्या तालमीभोवती आश्रयदात्यांच्या अटींचे कुंपण पडले होते. थोर गवय्याला मोठे बिदागीचे शिष्य लाभले की त्या विद्येवर एक प्रकारचा मक्ता बसतो, आणि मक्तेदाराला दुसरा वाटेकरी खपत नाही. यात कोणा एका व्यक्तीला दोष देण्यात अर्थ नाही; ज्या काळी गवय्याचे पोट आश्रयावर चालत असे, त्या काळाची ही रीतच होती. परिणाम मात्र असा झाला, की ज्यांनी स्वतः दारात येऊन विद्या देऊ केली, त्यांचेच दार मोगूबाईंना बंद झाले.

मधल्या वर्षांत त्यांनी आग्रा घराण्याचे बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे शिक्षण घेतले. पुढे १९२६ च्या सुमारास अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांची तालीम सुरू झाली आणि ती काही वर्षे चालली. याच काळात, १९२३ मध्ये, माधवदास भाटिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. संसार मांडला गेला, मुले झाली. थोरली किशोरी १९३१ ची. शेवटी १९३४ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांनी मोगूबाईंना रीतसर गंडा बांधला. १९२२ ते १९३४ ही बारा वर्षे होतात. मराठीत बारा वर्षांना एक तप म्हणतात. पुढे रसिकांनी त्यांना ‘गानतपस्विनी’ हे बिरुद दिले, ते शब्दशः खरे आहे. एवढे चोख बिरुद क्वचितच कोणाला लाभले असेल.

येथे एका योगायोगाचा उल्लेख केल्यावाचून आमच्यातल्या वकिलाला राहवत नाही. त्याच १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. देवाला मुलगी वाहण्याचा विधी त्याने बेकायदेशीर ठरविला. आणि अशा स्त्रीने विवाह केल्यास तो केवळ रूढीच्या आधारे रद्दबातल मानता येणार नाही, तिची संतती अनौरस ठरणार नाही, असे नमूद केले. गोव्याला हा कायदा लागू नव्हता. पण मुंबईत स्थायिक झालेल्या कितीतरी गोमंतकीय कुटुंबांच्या दृष्टीने तो मोठा दिलासा होता. कायद्याचे सामर्थ्य आम्ही कमी लेखीत नाही. तथापि हेही खरे, की विधिमंडळ ठराव करीत असता गिरगावाकडच्या एका बिऱ्हाडात एक बाई पहाटे उठून तंबोरा जुळवीत होती, आणि कायदा जी प्रतिष्ठा शब्दांनी देऊ पाहत होता ती स्वतःच्या श्रमाने मिळवीत होती.

खाँसाहेबांची तालीम त्यांच्या अखेरपर्यंत, म्हणजे मार्च १९४६ पर्यंत, चालली. ही गायकी कोणत्या जातीची हे थोडक्यात सांगावयास हवे, कारण माईंच्या शिकवण्याचा त्याच्याशी संबंध आहे. जयपूर गायकीत आलाप व तान ठेक्यापासून सुटून मोकळी फिरत नाहीत. मात्रेमात्रेला धरून, लयीच्या अंगानेच राग उलगडत जातो. रागही पुष्कळदा अनवट किंवा जोडराग: नायकी कानडा, संपूर्ण मालकंस, बसंती केदार, खट, बिहागडा. एक स्वर इकडचा तिकडे झाला तर राग मोडतो, आणि अर्धी मात्रा घसरली तर सम चुकते. असली विद्या पुस्तकातून येत नाही आणि घाईने येत नाही. ती देणाऱ्यालाही घेणाऱ्याइतकेच कष्ट पडतात.

१९३९ मध्ये माधवदास गेले. मोगूबाई तेव्हा पस्तिशीच्या आत-बाहेर. पदरात तीन मुले, थोरली आठ वर्षांची. येथून त्यांच्या आयुष्यातले जे पर्व सुरू होते त्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. घर चालविणे, मुलांना वाढविणे, स्वतःची तालीम सांभाळणे, आणि पोटासाठी शिकवण्या करणे: ही चारही कामे एकाच घरात, एकाच दिवसात, एकाच बाईने करावयाची. मैफली होत्या, नभोवाणी होती. पण त्यांवर संसार चालेल असा तो काळ नव्हता. शिकवणे हे प्रथम गरजेपोटी आले असेल. पण पुढे परिस्थिती पालटल्यावरही ते थांबले नाही, यावरून ते केवळ गरजेचे नव्हते हे उघड होते.

माणसाच्या स्वभावाचे एक लक्षण आम्ही व्यवसायात पुष्कळदा पाहिले आहे. ज्याला हक्काची वस्तू फार झगडून मिळते, तो बहुधा ती मुठीत घट्ट धरून ठेवतो. सासूने सोसले म्हणून सुनेनेही सोसावे, हा न्याय आपल्या घराघरांत ऐकू येतो. गवय्यांच्या घरांतही तो काही कमी नव्हता. अमुक राग शिष्याला सांगू नये, तमुक चीज मुलीच्या हुंड्यात द्यावी, अस्ताई सांगावी आणि अंतरा राखून ठेवावा, अशा कितीतरी कथा आहेत. बारा वर्षे उंबरठ्याबाहेर थांबलेल्या मोगूबाईंनी हाच हिशेब मांडला असता तर कोणीही त्यांना नावे ठेवली नसती. त्यांनी तो मांडला नाही. कमल तांबे, कौसल्या मंजेश्वर, बबनराव हळदणकर, अरुण द्रविड, पद्मा तळवलकर अशी वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या जातींची आणि व्यवसायांची माणसे त्यांच्यापुढे बसून शिकली. यांतले द्रविड तर व्यवसायाने रसायन अभियंते. ज्या विद्येवर एकेकाळी मक्ता होता, ती माईंच्या बैठकीच्या खोलीत मध्यमवर्गीयांच्या मुलांना मिळू लागली.

या ठिकाणी फोंडा महालातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. त्याही गोमंतकाच्या, त्याही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि गायिका म्हणून त्यांचे थोरपण निर्विवाद. १९७७ मध्ये अमेरिकेने अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर जी ध्वनिमुद्रिका ठेवली, तीत त्यांची भैरवी आहे. म्हणजे आमच्या फोंड्याचा स्वर आज सूर्यमालेच्याही पलीकडे गेला आहे. पण त्यांच्या हातून घडलेली शिष्या म्हणून धोंडूताई कुलकर्णी यांचेच नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. दोघींत तुलना करून उजवे-डावे ठरविण्याचा आमचा हेतू नाही. एकीचा स्वर ताऱ्यांकडे गेला, दुसरीचा शेजारच्या बिऱ्हाडात गेला. आम्ही कौल कोणाच्या बाजूने देतो हे वाचकांनी ओळखले असेलच.

आता माईंची शिस्त. त्या मायाळू होत्या म्हणजे सैल होत्या असे कोणी समजू नये. किशोरीताईंनी अनेकदा सांगितले आहे, की माई अस्ताई किंवा अंतरा दोन वेळा म्हणून दाखवीत, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात तिचे सारे कंगोरे कानात साठवावयाचे. प्रथमदर्शनी हे कठोर वाटते. पण थोडा विचार केला तर असे दिसते, की तिसऱ्यांदा मिळणार आहे हे ठाऊक असलेला कान पहिल्यांदा ऐकतच नाही. लिहून घेणे नाही, यंत्रावर भरून घेणे नाही. गुरूच्या तोंडाकडे पाहत राहावयाचे, आणि जे सुटले ते स्वतःच्या मेहनतीने भरून काढावयाचे. मैफलीत माईंच्या मागे तंबोऱ्यावर बसणे हाही शिक्षणाचाच भाग होता.

आणि तरीही याच बाईंनी मुलीला केवळ आपल्याजवळ कोंडून ठेवले नाही. किशोरीने इतर घराण्यांच्या गुरूंकडेही शिकावे, असे त्यांनी पाहिले. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडून तिला जे मिळाले ते पुढे साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्या गुरूने आपले अपत्य दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. मुलीचे गाणे पुढे आपल्या गाण्याहून निराळे झाले, रागाच्या भावाकडे वळले, घराण्याच्या रेषेबाहेरही गेले. त्यावर जुन्या रसिकांत बरीच खळखळ झाली. माईंना सारे रुचले असेलच असे नाही. पण ज्या घराने मुलीला दोनदाच ऐकवून तिसऱ्या वेळी स्वतःचा मार्ग शोधावयास लावले, त्या घरातून नक्कल बाहेर पडणे शक्यच नव्हते.

एका बाबतीत मात्र त्यांनी सवलत दिली नाही. १९६४ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी किशोरीताई गायल्या. चित्रपटात गावयाचे असेल तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावू नकोस, असे माईंनी बजावल्याचे किशोरीताई सांगत. आजच्या वाचकाला हे फार कडक वाटेल. पण त्या तंबोऱ्यांपर्यंत पोहोचावयास किती वर्षे लागली होती, हे माईंखेरीज त्या घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक होते?

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. माईंबरोबर मैफलींना जाताना आपल्या आईला कशी वागणूक मिळे, हे किशोरीताईंनी जाहीर मुलाखतींत सांगून ठेवले आहे. तिसऱ्या वर्गाचे प्रवासभाडे, उतरावयास कोणाच्या तरी घरातली आडबाजूची जागा, आणि बिदागी तर नावापुरती. बोलावणारे पुरुष सुशिक्षित होते, रसिक होते. गाणे संपल्यावर त्यांचे डोळे पाणावतही असतील. पण गाणारी बाई कोणत्या घराण्यातली, हे त्यांना गाण्याआधी आठवे आणि गाण्यानंतरही आठवे. त्या बालवयातच मुलीने मनाशी निश्चय केला, की आपण हे चालू द्यावयाचे नाही. पुढे किशोरीताईंच्या मानीपणाविषयी, आयोजकांना घातलेल्या अटींविषयी आणि श्रोत्यांच्या कुजबुजीवर त्या रागावत त्याविषयी जी चर्चा झाली, ती करणाऱ्यांनी ही पूर्वपीठिका क्वचितच ध्यानी घेतली. आईने अपमान गिळला आणि मुलीने त्याची वसुली केली. दिवाणी भाषेत बोलावयाचे तर येणे मूळ धनकोने न मागता वारसाने मागितले, आणि ते मागण्याचा तिला पूर्ण अधिकार होता.

आपल्या देवस्थानांच्या महाजनांतही तेव्हा असे रसिक कमी नव्हते. आपल्या नोंदवह्यांत कोणी कधी मखरासाठी चांदी दिली, कोणी समई दिली, हे सापडते. देवापुढे तीन पिढ्या कोण गाइले याची यादी मात्र आम्ही ज्या देवस्थानांची दप्तरे कामानिमित्त चाळली त्यांत आम्हांला पाहावयास मिळाली नाही. ज्यांच्या हाती अजून जुनी दप्तरे आहेत त्यांनी जमाखर्चाच्या पानांवर ‘सेवेबद्दल’ म्हणून लिहिलेल्या रकमा आणि त्यांपुढची नावे एकदा वेगळी उतरून काढावीत. वाळवीच्या आधी हे काम झाले पाहिजे.

सन्मान आले ते उशिरा आले, पण आले. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७४ मध्ये पद्मभूषण. किशोरीताईंना १९८७ मध्ये पद्मभूषण आणि माईंच्या निधनानंतर, २००२ मध्ये, पद्मविभूषण मिळाले. मायलेकी दोघीही पद्मभूषण, हा आमच्या गोमंतकाच्या दृष्टीने मोठ्या अभिमानाचा विषय आहे. माईंच्या दृष्टीने मात्र खरा सन्मान खोलीत पसरलेल्या सतरंजीवर समोर बसलेले शिष्य हाच असावा. उतारवयात मैफली थांबल्या. शिकवणे थांबले नाही. नातवंडे पाहिली, शिष्यांचे शिष्य पाहिले. एकाच घरात तीन पिढ्यांचे रियाज कानी पडणे हे सुख सम्राटांनाही लाभत नाही.

ज्या गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून आयुष्यभर वागविले, ते गाव मात्र त्यांच्या हयातीतच पाण्याखाली गेले. दक्षिण गोव्याला पाणी मिळावे म्हणून साळावली नदीवर धरण बांधले गेले. कुर्डीच्या सहाशेंहून अधिक कुटुंबांना वाडे आणि वालकिणी येथे हलविण्यात आले, आणि १९८० नंतरच्या दशकात शेते, घरे, देवळे सारी जलाशयात बुडाली. कदंबकालीन महादेवाचे देऊळ तेवढे पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून दुसरीकडे नेऊन उभारले. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरते तेव्हा जुना गाव वर येतो. चिखल वाळून भेगाळलेली जमीन, जोत्यांच्या ओळी, माडांचे बुंधे. मग विखुरलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. ख्रिस्ती बांधव आपल्या कपेलात जमतात. आम्ही एका उन्हाळ्यात तिथे गेलो असता एका वृद्ध गृहस्थांनी एका जोत्याकडे बोट दाखवून कोंकणीत सांगितले, “हें आमच्या मोगूबायचें घर.” त्यांनी ‘आमच्या’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला ती सहजता शंभर वर्षांपूर्वी त्या गावात होती काय, हा प्रश्न आमच्या मनात आला. आम्ही तो विचारला नाही. पाऊस लागला की ते जोते पुन्हा पाण्याखाली जाते.

किशोरीताई ३ एप्रिल २०१७ रोजी गेल्या. त्यांचे शिष्य गात आहेत, शिकवीत आहेत, आणि त्या घरातली पुढली पिढीही गाते. दुसरी एक शाखा आमच्या गोव्याच्या अधिक जवळची आहे. माईंकडे शिकून पुढे आग्रा घराण्याच्या खादिम हुसेन खाँ यांचे शिष्य झालेले बबनराव हळदणकर यांनी पणजीच्या कला अकादमीत भारतीय संगीत विभागाचे प्रमुख म्हणून काम केले. मांडवीच्या काठच्या त्या इमारतीत डिचोलीची, काणकोणची, पेडण्याची मुले त्यांच्यापुढे बसली. त्यांतल्या एखाद्या मुलीला बिहागडा सांगताना हळदणकरबुवांनी समेवर यावयाची जी वाट दाखविली असेल, ती सांगलीच्या एका घरात १९१९ नंतर कधीतरी, रस्त्याने जाता जाता थबकलेल्या एका म्हाताऱ्याने कुर्डीच्या मुलीला प्रथम दाखविली होती.